भोग एकाचा, मोल दुसऱ्याचे

लक्ष्मी चंचल आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घरची आजी हेच सांगते, कीर्तनकार हेच सांगतात आणि ज्याचे दुकान बसले आहे असा व्यापारी तर ते स्वतःच्या अनुभवाने सांगतो. तेवढेच सांगावयाचे असते, तर एका अमेरिकन कादंबरीचा विषय काढून आपला वेळ घेण्याचे आम्हांला काही प्रयोजन नव्हते. लक्ष्मी जाते कोठे हा प्रश्न जुना आहे. पण ती घरात नांदत असते तेव्हा तिच्या थाटामाटाचा खर्च नेमका कोणाच्या खात्यावर मांडला जातो, हा प्रश्न मात्र फारसे कोणी विचारीत नाही. तो प्रश्न विचारणाऱ्या दोन कादंबऱ्या आज आपणांपुढे ठेवावयाच्या आहेत. पहिली एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यांची ‘द ग्रेट गॅट्सबी’. ती १९२५ साली न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाली. दुसरी वि. स. खांडेकर यांची ‘ययाति’. ती १९५९ सालची. एकीचा नायक मोटारींच्या युगातला, तर दुसरीचा हस्तिनापूरचा पुराणकालीन राजा. एकीवरून दुसरी सुचली असे आमचे मुळीच म्हणणे नाही. पण दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे दोहोंच्या तळाशी एकच हिशेब लिहिलेला आढळतो, आणि तो हिशेब ट्रॉम्बेसारख्या गावात राहणाऱ्या माणसाने तरी अवश्य वाचावा असा आहे.

प्रथम गॅट्सबीची कथा. ती ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काळ १९२२ चा उन्हाळा. न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेस लाँग आयलंड नावाचे लांबट बेट आहे. त्याच्या किनाऱ्यावर, एका लहानशा खाडीच्या दोन बाजूंस, दोन श्रीमंत वस्त्या आहेत. एका बाजूला पिढीजात श्रीमंत राहतात. दुसऱ्या बाजूला ज्यांचा पैसा अजून ओला आहे असे नवश्रीमंत. या नव्या वस्तीत जे गॅट्सबी नावाचा तरुण एका प्रचंड वाड्यात एकटाच राहतो. त्याच्याकडे शनिवारी शेकडो पाहुणे जमतात. त्यांतल्या बहुतेकांना आमंत्रण नसते आणि कित्येकांना यजमान कोण हेही ठाऊक नसते. हा पैसा आला कोठून याविषयी पाहुणेच त्याचे अन्न खाता खाता नाना तर्क लढवितात.

खरी गोष्ट अशी की, हा मूळचा जेम्स गॅट्झ, नॉर्थ डाकोटातील एका दरिद्री शेतकऱ्याचा मुलगा. सतराव्या वर्षी त्याने नाव बदलले, एका धनिकाच्या नौकेवर चाकरी केली आणि श्रीमंतांची रीतभात उचलली. पुढे महायुद्धाच्या काळात, सैन्याचा गणवेश अंगावर असताना, त्याची डेझी नावाच्या एका श्रीमंत मुलीशी गाठ पडली. गणवेशात गरीब आणि श्रीमंत सारखेच दिसतात, त्यामुळे त्याचे दारिद्र्य काही काळ झाकले गेले. तो युद्धावर गेला. डेझीने टॉम ब्युकॅनन नावाच्या गर्भश्रीमंताशी लग्न केले. तेव्हापासून गॅट्सबीने एकच ध्यास घेतला. पैसा मिळवावयाचा, तिच्या घरासमोर, खाडीच्या अलीकडे, वाडा घ्यावयाचा आणि मधली पाच वर्षे जणू घडलीच नाहीत असे करून दाखवावयाचे. तिच्या धक्क्यावर रात्री एक हिरवा दिवा जळतो. गॅट्सबी अंधारात उभा राहून त्या दिव्याकडे पाहतो. त्याच्या साऱ्या संपत्तीचा अर्थ त्या दिव्यात आहे.

पैसा त्याने मिळविला तो दारूच्या चोरट्या धंद्यातून आणि अशाच इतर अंधाऱ्या व्यवहारांतून. अमेरिकेत १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती. ज्या मुंबई इलाख्याने १९४९ चा दारूबंदी कायदा पाहिला आणि त्यामागोमाग गल्लोगल्ली हातभट्टीचे साम्राज्य उभे राहिलेले पाहिले, त्या इलाख्यातील लोकांना हा व्यवहार समजावून सांगण्याची गरज नाही. कायदा एक सांगतो, गिऱ्हाईक दुसरेच मागते, आणि त्या दोहोंच्या मधल्या फटीत काही माणसे गबर होतात.

आता कादंबरीतला एक बारकावा पाहा. दर शुक्रवारी गॅट्सबीच्या वाड्यावर संत्र्यांची आणि लिंबांची पाच खोकी येतात. सोमवारी तीच फळे रस काढलेल्या अर्धुकांचा ढीग होऊन मागच्या दाराने बाहेर पडतात. त्याच सोमवारी आठ नोकर झाडू, फडकी, हातोड्या घेऊन आदल्या रात्रींची नासधूस दिवसभर निस्तरीत असतात. पाहुण्यांनी पुढचे दार पाहिले. लेखकाने आपल्याला मागचे दार दाखविले. आमच्या मते या कादंबरीची किल्ली या मागच्या दारात आहे.

कारण याच मागच्या दाराचे मोठे रूप म्हणजे कादंबरीतील राखेचे खोरे. त्या दोन श्रीमंत वस्त्यांतून न्यूयॉर्क शहराकडे जाताना वाटेत एक उजाड पट्टा लागतो. शहरातल्या चुली, भट्ट्या, बंब यांतील कोळशाची राख तेथे आणून टाकलेली आहे. राखेच्या टेकड्या, राखेची धूळ आणि त्या धुळीत हिंडणारी राखेच्याच रंगाची माणसे. श्रीमंतांच्या मोटारी आणि आगगाड्या या खोऱ्यातून भरधाव जातात. येथे जॉर्ज विल्सन नावाचा एक गरीब माणूस मोटारदुरुस्तीचे दुकान चालवितो. त्याची बायको मर्टल हिला टॉम ब्युकॅननने आपल्या नादी लावले आहे. रस्त्याच्या कडेला एका चष्मेवाल्या डॉक्टरची जुनी जाहिरात आहे. डॉक्टर केव्हाच निघून गेला. फलकावरचे दोन प्रचंड डोळे मात्र त्या राखेकडे टक लावून पाहात आहेत.

हे खोरे लेखकाच्या कल्पनेतून निर्माण झालेले नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स विभागात कोरोना नावाच्या वस्तीजवळ खरोखरच असे राखेचे मैदान होते. लेखक स्वतः १९२२ ते १९२४ या काळात लाँग आयलंडवरील ग्रेट नेक या गावी राहात होता आणि शहरात जाता येता ते त्याच्या दृष्टीस पडत असे. पुढे ते मैदान सपाट करून तेथे १९३९ चे जागतिक प्रदर्शन भरविण्यात आले. आज तेथे मोठे उद्यान आहे आणि जगप्रसिद्ध टेनिसचे सामने होतात.

येथपर्यंत ऐकल्यावर ट्रॉम्बेच्या श्रोत्यांच्या मनात एक ओळखीचे नाव आले असेल, आणि तेच आम्ही उच्चारणार आहोत. देवनार. ‘गॅट्सबी’ प्रसिद्ध झाल्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, १९२७ साली, मुंबई शहराचा कचरा देवनारला आणून टाकण्यास सुरुवात झाली. मलबार हिलवरच्या मेजवानीतील उष्टे आणि गिरगावच्या चाळीतील केर हे दोन्ही येथे येऊन एकाच ढिगात मिसळले. शहर वाढले तसा ढीग वाढला. २०१६ च्या जानेवारीत त्याला आग लागली आणि धूर दिवसेंदिवस पसरत राहिला, तेव्हा कोठे शहराला आपल्या मागच्या दाराची आठवण झाली. ट्रॉम्बे, गोवंडी, मानखुर्द, देवनार हा सारा परिसर महानगरपालिकेच्या ज्या एम पूर्व विभागात येतो, तो विभाग मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात सर्वांत खालच्या पायरीवर होता. कादंबरीतील मोटारी राखेच्या खोऱ्यातून जातात. आपल्याकडच्या मोटारी आता उंच पुलावरून जातात, एवढाच काय तो फरक.

परंतु ट्रॉम्बेला केवळ शहराचे मागचे दार म्हणणे अन्यायाचे होईल. १९५० नंतरच्या दशकात या बेटावर आणि त्याच्या पायथ्याशी माहुलला तेलशुद्धीकरणाचे कारखाने आले, वीजकेंद्र आले, अणुसंशोधनाचे केंद्र आले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी येथेच सुरू झाली. कोळीवाड्याच्या शेजारी देशातील अत्यंत प्रगत विद्या येऊन बसली. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या हजारो कुटुंबांना येथे पोटापाण्याचा उद्योग मिळाला, त्यांची मुले शिकली. तेव्हा येथील माणसाला संपत्तीच्या दोन्ही बाजू ठाऊक आहेत. तिने उजळलेले घर त्याने पाहिले आहे आणि तिची राखही त्याच्याच अंगणात पडली आहे. म्हणूनच ही कादंबरी त्याच्यासाठी परकी नाही.

कादंबरीचा शेवट असा होतो. एके रात्री शहरातून परत येताना गॅट्सबीची मोटार डेझी चालवीत असते. राखेच्या खोऱ्यात मर्टल धावत रस्त्यावर येते आणि त्या मोटारीखाली सापडून मरते. मोटार थांबत नाही. गॅट्सबी डेझीचे नाव कोणास सांगत नाही. मोटार गॅट्सबीची आहे, एवढे टॉम मात्र विल्सनला सांगतो. विल्सन येऊन गॅट्सबीला गोळी घालतो आणि स्वतःलाही संपवितो. तीन माणसे गेली. त्यांतले दोघे राखेच्या खोऱ्यातले आणि तिसरा शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला. टॉम आणि डेझी सामान आवरून, पत्ताही न ठेवता, गावाबाहेर निघून जातात. डेझीकडून शवावर एक फूलही येत नाही. ज्याच्या घरी शेकडो माणसे जेवली, त्याच्या अंत्यविधीला बोटांवर मोजण्याइतकी माणसे येतात.

त्यांत त्याचे वडील असतात. मुलाने लहानपणी एका गोष्टीच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहिलेले वेळापत्रक ते अभिमानाने दाखवितात. पहाटे उठावयाचे, व्यायाम करावयाचा, विजेचा अभ्यास करावयाचा, आठवड्याला काही पैसे शिल्लक टाकावयाचे. असे वेळापत्रक आपल्या चाळींतल्या किती मुलांनी भिंतीवर चिकटविले असेल! गॅट्सबीच्या मुळाशी आळस नव्हता, दुष्टपणाही नव्हता. कष्टाची तयारी होती. त्या कष्टांना त्याने जे दैवत नेमून दिले, ते पोकळ निघाले.

आता लेखकाच्या जीवनाकडे वळू. फ्रान्सिस स्कॉट की फिट्झजेराल्ड यांचा जन्म २४ सप्टेंबर १८९६ रोजी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सेंट पॉल या गावी झाला. आईचे वडील आयर्लंडमधून आलेले किराणामालाचे घाऊक व्यापारी. त्यांनी बरीच माया जमविली होती. वडिलांचा वेताच्या फर्निचरचा धंदा बुडाला आणि नंतर ते एका साबणाच्या कंपनीत विक्रेते झाले. १९०८ साली त्यांना नोकरीवरून कमी केले. तेव्हा मुलाचे वय ११ वर्षांचे होते. त्या दिवशी आईने पोहावयास जाण्यासाठी दिलेले नाणे आपण तिला परत केले आणि आता अनाथगृहात जाण्याची पाळी येऊ नये म्हणून देवाची करुणा भाकली, असे त्यांनी पुढे सांगितले. घर चालले ते आजोळच्या पैशावर. श्रीमंतांच्या रस्त्याच्या कडेला भाड्याच्या घरात राहून, श्रीमंतांच्या मुलांबरोबर शिकून, आपण त्यांतले नाही हे रोज जाणवून घेणे, हे त्यांचे बालपण.

तरुणपणी तीच गोष्ट पुन्हा घडली. शिकागोतील एका धनाढ्य घराण्यातील मुलीवर त्यांचे प्रेम बसले, ते निष्फळ ठरले. १९१८ साली सैन्यात असताना अलाबामातील एका न्यायाधीशांची कन्या झेल्डा सेअर हिची भेट झाली. लग्न ठरले, पण मिळकतीचा भरवसा दिसेना म्हणून १९१९ मध्ये तिने ते मोडले. २६ मार्च १९२० रोजी त्यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली, ती हातोहात खपली आणि ३ एप्रिलला, अवघ्या आठ दिवसांनी, दोघांचे लग्न लागले. पैसा आला आणि मुलगी आली. गॅट्सबीची डेझी मग कोठून आली हे शोधण्यास फार लांब जावयास नको.

त्यानंतर दोघांनी जो थाट मांडला तो त्या काळच्या अमेरिकेत दंतकथा होऊन राहिला. १९२४ साली फिट्झजेराल्ड यांनी, वर्षाला ३६,००० डॉलर मिळवूनही आपले भागत कसे नाही, यावर एक विनोदी लेख लिहिला. सामान्य नोकरदाराच्या प्राप्तीच्या ती रक्कम कित्येक पट होती. त्याच वर्षी ते खर्च कमी करावा म्हणून फ्रान्सला गेले आणि तेथे समुद्रकाठी ‘गॅट्सबी’ लिहून झाली. १० एप्रिल १९२५ रोजी पुस्तक निघाले. काही मर्मज्ञांनी वाखाणणी केली, पण खप बेताचाच झाला. दुसऱ्या आवृत्तीच्या काही प्रती लेखकाच्या मृत्यूपर्यंत गोदामात पडून होत्या.

पुढचा भाग दुःखाचा आहे. १९२९ साली अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला. १९३० साली झेल्डांचे मानसिक स्वास्थ्य ढासळले. फिट्झजेराल्ड मद्याच्या आहारी गेलेलेच होते. कर्ज, रुग्णालयांची बिले आणि मुलीचे शिक्षण यांसाठी १९३७ पासून ते हॉलिवूडमध्ये चित्रपटकथा लिहू लागले. २१ डिसेंबर १९४० रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. त्यांच्या पुस्तकांच्या मानधनाचा अखेरचा हिशेब १३ डॉलर आणि १३ सेंट इतका होता. झेल्डा १९४८ साली त्या ज्या रुग्णालयात होत्या तेथे लागलेल्या आगीत मृत्यू पावल्या. इकडे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकन सैनिकांसाठी छापलेल्या स्वस्त आवृत्तीत ‘गॅट्सबी’च्या दीड लाखांहून अधिक प्रती वाटल्या गेल्या, आणि त्यानंतर ते पुस्तक शाळाकॉलेजांतून वाचले जाऊ लागले ते आजतागायत.

येथे एक शंका रास्त आहे. जो माणूस स्वतः त्या मेजवानीत बसला होता, त्याने मेजवानीच्या उष्ट्याची गोष्ट सांगावी काय? आमचे उत्तर असे की, त्यानेच सांगितली म्हणून ती खरी उतरली. फिट्झजेराल्ड यांच्यात एक पाहुणा होता आणि एक कारकून होता. पाहुणा पेला उचलीत असे. कारकून त्याच वेळी खर्चाची नोंद ठेवीत असे. कादंबरीत गोष्ट सांगणारा निक कॅरावे हा असाच अर्धा आत आणि अर्धा बाहेर आहे. मात्र त्या वहीतील एक रक्कम विसरून चालणार नाही. १९२२ मध्ये नवऱ्याच्या दुसऱ्या कादंबरीचे परीक्षण लिहिताना झेल्डांनी, आपल्या रोजनिशीचा मजकूर त्यात ओळखू येतो, असा हसत हसत टोला दिला होता. नवऱ्याच्या कीर्तीत त्यांची पाने खर्ची पडली होती. हिशेब लिहिणाराही कोणाचे तरी देणे लागत होता.

आता आपल्या घरच्या कादंबरीकडे येऊ. ययातीची कथा महाभारताच्या आदिपर्वात आहे. शुक्राचार्यांच्या शापाने राजाला अकाली वार्धक्य आले. हे वार्धक्य दुसऱ्या कोणी स्वखुशीने घेतले तर त्याचे तारुण्य राजाला मिळेल, असा उःशाप होता. राजाने एकामागून एका मुलाला विचारले. चौघांनी नकार दिला. सर्वांत धाकटा पूरू कबूल झाला. मुलाच्या तारुण्यावर बापाने सहस्र वर्षे भोग भोगले आणि अखेर भोगाने वासना शमत नाही हे उमगून तारुण्य परत केले.

या कथेवर पुराणिकबुवा सांगतात ते तात्पर्य म्हणजे वासना अनिवार आहे. ते खरेच आहे. पण कथेचा सांगाडा नीट पाहिला तर एक व्यवहार दिसतो. ययातीचे तारुण्य आकाशातून पडलेले नाही. ते एका तरुण मुलाच्या अंगातून काढून घेतलेले आहे. भोग बापाचा, सुरकुत्या मुलाच्या. गिरीश कार्नाड यांनी १९६१ च्या आपल्या कानडी ‘ययाति’ नाटकात पूरूची तरुण पत्नी पुढे आणून उभी केली. नवऱ्याने एका रात्रीत म्हातारपण पत्करले, तिने काय करावे? म्हणजे देणेकऱ्यांची यादी पूरूपाशीही संपत नाही.

खांडेकरांनी या कथेला कादंबरीचे रूप देताना ती ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांच्या तोंडून सांगितली. राजाला, राणीला आणि राजकन्या असून दासी झालेल्या शर्मिष्ठेला प्रत्येकी स्वतःची बाजू मांडावयास मिळाली. शिवाय त्यांनी दोन माणसे राजाच्या दोन बाजूंस उभी केली. एक त्याचा वडील भाऊ यति. तो देहसुखाचा द्वेष करीत अरण्यात जातो आणि त्याचा त्यागही विकृतीच्या टोकाला पोचतो. दुसरा कच. तो संसाराला तुच्छ मानीत नाही, पण स्वतःला आवर घालणे जाणतो. आपला ययाति हा पुराणातला राजा नसून आजचा सामान्य माणूस आहे, हे खांडेकरांनी प्रस्तावनेत स्पष्ट केले. यंत्रयुगाने सुखाची साधने दारी आणून ओतली, तरी हा माणूस अतृप्तच आहे, ही त्यांची चिंता होती.

ही चिंता करणारा लेखक कोण होता? खांडेकरांचा जन्म १९ जानेवारी १८९८ रोजी सांगलीस झाला. म्हणजे फिट्झजेराल्ड यांच्याहून ते सव्वा वर्षाने लहान. यांनीही बालपणी घराची पडझड पाहिली. वडील शाळकरी वयातच वारले. १९१६ साली ते सावंतवाडीकडील चुलत्यांना दत्तक गेले. गणेश आत्माराम होते ते विष्णु सखाराम झाले. फर्ग्युसन कॉलेजातील शिक्षण अर्धवट सुटले आणि १९२० साली ते वेंगुर्ल्याजवळच्या शिरोडे गावी शाळामास्तर झाले. आपल्या पूर्व उपनगरांच्या खाडीकाठाप्रमाणे तेथेही मिठागरे आहेत. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात हे गाव गाजले. अठरा वर्षे त्यांनी तेथे मुलांना शिकविले. दारिद्र्य त्यांना पुस्तकात शोधावे लागले नाही. ते रोज बाकावर येऊन बसत होते. १९३४ सालच्या त्यांच्या एका कादंबरीचे नावच ‘दोन ध्रुव’ आहे. १९३८ साली ते चित्रपटकथा लेखनासाठी कोल्हापुरास स्थायिक झाले. योगायोग असा की, त्याच सुमारास फिट्झजेराल्डही हॉलिवूडमध्ये हाच उद्योग करीत होते. एकाला त्या झगमगाटात अंत आला. दुसऱ्याने त्यानंतर वीस वर्षांनी आपली सर्वश्रेष्ठ कादंबरी लिहिली. ‘ययाति’ला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि १९७४ च्या ज्ञानपीठ पुरस्काराने खांडेकर तो मान मिळविणारे पहिले मराठी साहित्यिक ठरले. २ सप्टेंबर १९७६ रोजी ते निवर्तले.

एक मेजवानीतून लिहिणारा, दुसरा शाळेच्या बाकापाशी उभा राहून लिहिणारा. तरीही दोघांच्या नायकांची मागणी एकच आहे. दोघांनाही गेलेला काळ परत हवा आहे. गॅट्सबीला पाच वर्षे मागे जावयाचे आहे, ययातीला गेलेले तारुण्य हवे आहे. पैशाने घर मिळते, वस्त्र मिळते, औषध मिळते. ही मागणी रास्त आहे आणि ती पुरी व्हावयासच हवी. पण जी वस्तू कोणत्याही बाजारात नाही ती पैशाने किंवा सत्तेने मागावयास माणूस निघाला, की ती दुसऱ्या कोणाच्या आयुष्यातून कापून आणावी लागते. सुख हे गरजेपुरते असते तोवर त्याचे मोल आपले आपण देऊ शकतो. ते हव्यासाचे झाले की मोल देणारा दुसरा शोधावा लागतो. पूरू असाच शोधला गेला. मर्टल आणि विल्सन यांना तर कोणी विचारलेही नाही.

फरक आहे तो शेवटात. ययाति अखेर मुलाकडे पाहतो. ज्याचे तारुण्य आपण अंगावर घेतले त्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या तो पाहतो, आणि घेतलेले परत करतो. टॉम आणि डेझी मागे वळून पाहात नाहीत. त्यांच्या आणि राखेच्या खोऱ्याच्या मध्ये संपत्तीची भिंत आहे. तिच्या पलीकडचा आवाज त्यांना ऐकू येत नाही. आमच्या मते मनुष्याच्या आशेचे स्थान या एका फरकात आहे. भोग माणसाच्या हातून घडतो. पण मोल देणाऱ्याचा चेहरा एकदा पाहिला, तर परतफेडीचा मार्ग मोकळा राहतो.

कोणी म्हणेल, तर मग संपत्तीच नको काय? असा अर्थ कृपा करून घेऊ नये. यतीचा मार्ग खांडेकरांनीच नाकारला आहे. ट्रॉम्बेच्या कारखान्यांनी आणि प्रयोगशाळांनी ज्यांच्या घरी दिवे लावले त्यांना दारिद्र्याचे गोडवे सांगण्याचा अधिकार कोणासच नाही. आमचे म्हणणे इतकेच की, घरात आलेल्या प्रत्येक नव्या सुखाबरोबर त्याचे बिलही मागून घ्यावे. आपला केर कोणाच्या दारी जातो? ज्या बाईच्या हातांवर आपले घर चालते तिच्या घरी वीज आहे काय? आपल्या मुलाच्या यशासाठी घरातील कोणाचे शिक्षण थांबले? मुलाचे आयुष्य आपल्या अपुऱ्या हौशीसाठी आपण मागून तर घेत नाही ना? हे प्रश्न राजवाड्याइतकेच दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातही विचारता येतात, आणि तेथेच ते अधिक उपयोगी पडतात. कारण दोन खोल्यांत मोल देणारा माणूस आपल्या अगदी जवळ बसलेला असतो.

ट्रॉम्बेच्या किनाऱ्यावर संध्याकाळी उभे राहिले तर खाडीपलीकडे नव्या मुंबईचे दिवे लागलेले दिसतात. ते मोहक आहेत, आणि तरुणांनी त्यांच्याकडे पाहू नये असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. समोर दिवा दिसल्यावाचून कोणी पोहावयास शिकत नाही. पण दिव्याकडे पाहताना आपण कोठे उभे आहोत याचेही भान असू द्यावे. पायांखालच्या जमिनीत दुसऱ्याची राख असेल, तर ती उचलण्याचा वाटाही आपला आहे.

या दोन्ही कादंबऱ्या वाचनालयात मिळण्यासारख्या आहेत. त्या वाचाव्यात, शक्य तर घरात मोठ्याने वाचाव्यात, आणि वाचून झाल्यावर नायकाचे काय झाले एवढेच न विचारता, पूरूचे काय झाले आणि मर्टलचे काय झाले, हेही मुलांना विचारावे, अशी आमची विनंती आहे.